दोन माशांचं हळकुंड

"एकच हळकुंड पायजे," तो म्हणाला.

जवळ्याच्या बाजारात आमच्या पालापुढं हळदीचा हा एवढा ढीग, आणि या गड्याला हवं एक हळकुंड. माझी जीभ तेव्हाही काही कमी नव्हती. म्हटलं, "एकच? बाहुलीचं लगन काढलं का?"

त्यानं बंडीच्या खिशातून सोनारासारखा इवलासा काटा काढला आणि दोन मासे वजनाचंच हवं म्हणून ढीग चाळत बसला. माझे वडील, आबा, बैलांना पाणी पाजायला गेले होते म्हणून बरं. शेवटी बरोबर वजनाचं हळकुंड माझ्याच हाताला लागलं. घेताना बोटं थरथरली... त्याची हं, माझी नाही.

नाव उत्तम. वसमतेजवळच्या खेड्यातला, दर बाजाराला गाडी घेऊन यायचा. पुढच्या बाजारी आला तो हळकुंड दाखवायला. झिजलं होतं. काय चालवलंय म्हणून मी दरडावलं, तर खाली बघत त्यानं सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांमागं चाकाखाली पाय सापडला. कळा थांबाव्यात म्हणून कुणीतरी अफू दिली. पाय बरा झाला, अफू राहिली. एक दिवस चुकली तर अंग मोडून यायचं, जीव नकोसा व्हायचा. एकदम सोडायला गेला, दोनदा हरला. मग राधाकृष्ण वैद्यांनी युक्ती सांगितली. रोज हळकुंडाच्या भारानं अफू जोखायची, आणि तेच हळकुंड सहाणेवर तीन वेढे उगाळून दुधातून घ्यायचं. हळकुंड झिजेल तशी अफूही कमी होत जाईल, अंगाला पत्ता न लागता.

खरं सांगते, अफू म्हटल्यावर माझं काळीज चरकलं. पण स्वतःबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस मी बाजारात तरी पाहिला नव्हता.

मग दर बाजारी तपासणी सुरू झाली. तो हळकुंड काढायचा, मी काट्यात टाकायची आणि फौजदारासारखी बघायची. लबाडी करत नाही ना, असं एकदा विचारलं.

"तुमी जोखणार म्हून करवत न्हाई," तो म्हणाला, आणि असा काही बघून राहिला की मी उगाच पोतं झटकलं.

झालं... मलाही सवय लागली. बाजाराचा दिवस उजाडेपर्यंत अंग मोडून यायचं. यावर कुठलं हळकुंड उगाळावं?

अशात आबांनी गोरेगावचं स्थळ आणलं. आखितीच्या मुहूर्ताला लग्नाचा बार उडवायचा म्हणाले. मी उत्तमला सांगितलं. तो म्हणाला, पोटात अफू घेऊन तुमच्या आबांपुढं उभा राहणार नाही, ती सुटली की मागणी घालायला येतो. हळकुंड अजून चिंचोक्याएवढं होतं. आखितीपर्यंत कुठलं संपतंय? मला दम निघेना. शेजारच्या पालातून सहाण आणली आणि त्याच्या डोळ्यांदेखत खसाखसा उगाळून त्याचं हरभऱ्याएवढं केलं. "एवढ्यावर भागवा आता," म्हटलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मग हळकुंड खिशात टाकून गेला.

पुढच्या बाजारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या बाजारी आला तेव्हा ओळखू येईना, इतका वाळला होता. एवढ्याशा अफूवर तीन दिवस जमिनीवर लोळला होता म्हणे. पोटात पाणी ठरेना, डोळ्याला डोळा लागेना. चौथ्या दिवशी पहिल्याइतकी अफू खाल्ली. मग त्याची आई, गोजरबाई, हाताला धरून वैद्यांकडं घेऊन गेली.

"लई बोलले असतील वैद्य," मी म्हटलं.

"न्हाई. म्हणाले, पडलास तर पडलास, पुन्ना चालायला लाग. फकत घाई कोणी केली ते इचारलं."

"मग?"

"मी केली म्हणालो."

मी पदरात तोंड घालून रडले. माझं चुकलं, मला माफ करा, असं काहीबाही बोलले. तो हळूच म्हणाला, "एक हळकुंड पायजे. दोन माशांचं."

त्या दिवशी घरी आबांना स्पष्ट सांगितलं, गोरेगावला जाणार नाही आणि काहून ते पण. अफूवाल्याला लेक देऊ का, म्हणून आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आखिती गेली, पोळा गेला. हळकुंड आपल्या चालीनं झिजत होतं. मी त्याला बोटही लावलं नाही.

दिवाळीनंतरच्या बाजारी उत्तम आबांपुढं उभा राहिला. उरलेला कण काट्याच्या एका पारड्यात ठेवला, दुसरं रिकामं. आबांचा माणसापेक्षा काट्यावर विश्वास. त्यांनी काटा उचलला. पारडं हललं नाही. फुंकर मारून पुन्हा उचलला.

"सुटून किती दिस झाले?"

"एकवीस."

"उद्या पुन्ना खावं वाटलं तर?"

कधीच वाटणार नाही असं म्हण रे बाबा, मनात म्हटलं.

"वाटतं की," उत्तम म्हणाला. "वाटलं की लपवत न्हाई. आईला सांगतो, वैद्यांकडं जाऊन बसतो. आता चतुराला बी सांगीन म्हणतो."

आबा काटा खाली ठेवून माझ्याकडं वळले. "चतुरे, लगनाच्या हळदीला पाच चांगली हळकुंडं निवड."

मी ढिगापुढं बसले. एक उचललं, हातातून निसटलं. दुसरंही निसटलं. उत्तम वाकला, पडलेली दोन्ही उचलून माझ्या हातात ठेवली. या वेळी थरथरणारी बोटं माझी होती.