एन दिसेपर्यंत

"वहिनी, पोरीला खेळायला देताय ते ठीक, पण आधी रिसेट मारून घ्या," साईनाथ म्हणालेला. "शिकवलेली डबी तशीच चालू ठेवू नका."

"का रे? शॉक बसेल?"

"शॉक नाय बसत. शिकलेली आहे ना ती," एवढंच बोलून तो प्लग घासत बसला.

मी हसले. मानपाडा रोडवरचा मेकॅनिक, दिवसभर गाड्यांशीच बोलणार, असं काहीतरी मनात आलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. मुलीच्या बाबतीत मी जगातल्या सगळ्या गोष्टींना घाबरते, स्टुलाला, द्राक्षाला, गॅलरीच्या गजांना. या एका गोष्टीला घाबरले नाही.

डबी म्हणजे गिअर इंडिकेटर. काड्यापेटीएवढी, काळी, समोर एकच लाल आकडा. कितवा गिअर पडलाय ते दाखवायची सोय माझ्या नवऱ्याच्या, नयनच्या जुन्या बाइकला नव्हती, म्हणून त्याने ही बाहेरून बसवून घेतलेली. तिला गिअर दिसत वगैरे नाही. इंजिन किती फिरतंय याची एक तार, चाक किती फिरतंय याची दुसरी. दोघांचं प्रमाण प्रत्येक गिअरला ठरलेलं असतं, त्यावरून ती आकडा काढते. क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तुटतो, मग ती नुसती आडवी रेघ दाखवते. न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याची तार वेगळी, ती लागली की 'एन'. पण हे सगळं आधी शिकवावं लागतं. एकेका गिअरमध्ये दहा सेकंद एकाच वेगाने चालवायचं. आकडा लुकलुकायचा थांबला की शिकली.

आम्ही तिला रविवारी सकाळी शिकवलेलं, एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर. मी मागे बसून मोठ्याने आकडे मोजत होते. हवेत नेहमीचा तो केमिकलचा आंबूस वास, आणि नयन हेल्मेटमधून ओरडतोय, "तिसरा शिकली गं विनू! हुशार आहे पोरगी!" कृतिका तेव्हा पोटात होती, आम्हाला ठाऊक नव्हतं. नंतर तो सगळ्यांना सांगायचा, डबीला आम्ही तिघांनी शिकवलंय. म्हणून मी रिसेट मारला नाही. मनच झालं नाही.

यंदा जानेवारीत नवी बाइक आली, करडी. हिला गिअरबॉक्सच्या आतच सेन्सर आहे, अंदाजाचं काम नाही. जुनी गाडी देऊन टाकली, डबी घरी आली. कृतिकाला त्या लाल आकड्याचं भारी वेड, म्हणून नयनने जुन्या राउटरचा अडॅप्टर जोडून ती स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लावून दिली. इंजिनाची तार नाही, चाकाची नाही. आडवी रेघ तेवढी दिसायची.

"ही बघ, रेघ," मी म्हटलं.

"लेघ," कृतिका म्हणाली, आणि खूश झाली.

सोमवारी नयन निघून पाच मिनिटं झाली असतील. मी कणीक मळत होते. मागून आवाज आला, "आई, एक."

एक होता. मग दोन. मग रेघ, मग पुन्हा एक.

लूज कनेक्शन, मी मनात म्हटलं. पिन हलवून बघितली. आकडा हलला नाही. एक, रेघ, एक, रेघ, असं वीस मिनिटं चाललं. कटई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये सकाळी असंच असतं, हे मला हात धुताना सुचलं. मग तीन बराच वेळ, मुंब्रा बायपासच्या चढावर असतो तसा. मग चार, पाच. शेवटी तीन, दोन, एक, एन. आणि फोन वाजला. मेसेज: पोचलो.

नयन कोपरीतल्या लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. लग्नापासून त्याच्या त्या एका शब्दासाठी रोज सकाळी माझा जीव टांगलेला असतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला शब्दाच्या आधी कळलं.

संध्याकाळी सांगितलं तर तो पोट धरून हसला. "फिजिक्सवाल्या बाई! वायर नाही, काही नाही, आणि माझा गिअर दिसतो?"

"उद्या बघ करून."

"बरं. शिळफाट्याला मुद्दाम तीनदा दोन-तीन, दोन-तीन करतो. सांग मला वाजले किती."

दोन, तीन, दोन, तीन, दोन, तीन. नऊ वाजून चार मिनिटं. मी सांगितलं तेव्हा तो पोरीला खांद्यावर घेऊन घरभर नाचला. "अगं, आपण शिकवलेली आहे ती! फुकटात आपल्याला ट्रॅकर!"

"ट्रॅकर कसला? गिअर कळतो. तू आहेस कुठे ते कुठे कळतंय?"

"चालतोय ना मी? मग झालं तर."

ते दोन महिने आमच्या घरातले सगळ्यात हसरे. कृतिका पाचापर्यंत आकडे त्याच डबीवर शिकली. 'चार' आला की टाळ्या, कारण चार म्हणजे बाबा सुसाट. रेघ आली की ती गालावर हात ठेवून म्हणायची, "ट्लॅफिक." नयनने एक खूणही ठरवली. संध्याकाळी बिल्डिंगखाली आला की गाडी बंद करायच्या आधी एक-एन, एक-एन, एक-एन. कृतिका किंचाळत दाराकडे धावायची, आणि तो वर येऊन बेल वाजवायच्या आत मी दार उघडायचे. डाव्या हँडलला तिची पिवळी रिबीन बांधून तो हिंडायचा. साइटवरचे लोक हसतात म्हणायचा, पण सोडली नाही.

मी काळजी करणं सोडलं. खरंच सांगते, झोप लागायला लागली.

मार्चमधला बुधवार. संध्याकाळी साडेसहाला एक, दोन, तीन. सातला चार. आम्ही दोघी डबीसमोर बसून मटार सोलत होतो. शेंगेतला पहिला दाणा बाबाचा, असं तिचं चाललेलं.

बेल वाजली.

दारात नयन. हातात हेल्मेट, चेहऱ्यावर हसू. "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस? पाणी दे."

मी मागे वळून पाहिलं.

चार.

"खाली एक-एन नाही केलंस?"

"विसरलो," तो म्हणाला, आणि कृतिकाला उचललं. ती हसली. तिला गुदगुल्या केल्या, आणखी हसली. मग त्याच्या खांद्यावरून डबीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा चाल."

चारच होता. जेवताना चार. सकाळी उठले तेव्हा चार.

गुरुवारी तो कामाला गेला. मी गॅलरीतून बघितलं, गाडी सुरू झाली, वळणाआड गेली. आत येऊन पाहिलं. चार. कटई नाक्याच्या वेळेलाही चार. पोचलो असा मेसेज आला तेव्हाही.

गाडीच्या हँडलला रिबीन नव्हती. "उडाली असेल कुठेतरी," तो म्हणाला.

घरात तसं सगळं छान आहे. तो लवकर येतो. पोरीला गोष्टी सांगतो, मला चहा करून देतो, शेजारच्या केशरबाई म्हणतात, नवरा असावा तर असा. डबीकडे तो बघत नाही. एकदाच म्हणाला, "काढून टाकू का गं हे?" आणि पिनेकडे हात नेला. कृतिका इतकी रडली की तो हसत मागे सरला.

मी साईनाथकडे गेले. शुक्रवारी आमच्याकडे लाइट जाते, म्हणून डबीला जोडायला छोटी बॅटरी हवी होती. कशाला हवी ते सांगितलं. या वेळी मी हसले नाही.

"रेघ कधी येते का मधे?"

"एकदाही नाही."

"म्हणजे त्याने क्लच दाबलेलाच नाय," तो बॅटरीच्या तारा सोलत म्हणाला. "गाडी थांबवायची तर क्लच दाबावा लागतो, वहिनी. आणि दाबायला काहीतरी कारण लागतं. कुणी आडवं आलं, कुणी हात केला..."

"आणि आता रिसेट मारला तर?"

"शिकवलेलं सगळं जाईल." त्याने तारा माझ्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत.

आज अठरावा दिवस. पेट्रोल कधीच संपायला हवं होतं. आत नयन कृतिकाला घोडा घोडा खेळवतोय, दोघांच्या हसण्याने घर भरलंय, आणि मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. मघाशी ती खेळता खेळता थांबली, डबीकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

"आई, पाच!" चारावरून थेट, मधे रेघ नाही.

म्हणून विचारते. कल्याण-शीळ रस्त्याने, नाहीतर बायपासवरून तुमचं रोज जाणं-येणं असेल. करडी बाइक दिसली, डाव्या हँडलला पिवळी रिबीन असली आणि चालवणारा सिग्नललाही थांबत नसला, तर एकदा हात दाखवा. ओरडा, काहीही करा, पण त्याला क्लच दाबायला लावा. तो बरा आहे का, तेवढं बघा.

घरी कोण आलंय, ते त्याला सांगू नका.