आरशात न उलटणारी दीर्घिका

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, पण कमेंटमध्ये मला विज्ञान शिकवायला येऊ नये. मी तेच शिकले आहे.

तारीख २८ मे २०२४, मंगळवार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. दुपारचे अडीच वाजले होते आणि आमच्या रामदासपेठेतल्या संस्थेसमोरचा रस्ता ओस पडला होता.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी भैरवी, धरमपेठेत राहते. माझ्याबरोबर हिंगण्याचा रजत. आम्ही दोघं एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. काम दीर्घिकांचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट समूहांचं. दुर्बिणीतून आलेले फोटो स्क्रीनवर एकेक बघायचे आणि गट ठरवायचा. लंबगोल, सर्पिल की धड कशातच न बसणारी. सर्पिल असेल तर तिच्या भुजा घड्याळाच्या दिशेने वळतात की उलट, तेही नोंदवायचं.

माणसाच्या डोळ्यांना एका बाजूची खोड असते. म्हणून सर काही फोटो आरशात दिसतात तसे उलटे करून, आम्हाला न सांगता पुन्हा मिसळायचे. उजवीकडे वळणारी दीर्घिका उलट्या फोटोत डावीकडे वळलीच पाहिजे. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, तर समजायचं की पठ्ठ्याने न बघताच बटण दाबलंय.

दोघांच्या नोंदी जुळवताना मला दिसलं, एका फोटोला रजतचं दोन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं.

त्याच फोटोला असं तीनदा झालं होतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. फेलोशिप आमच्यापैकी एकाचीच वाढणार होती. मी लगेच सरांकडे जाऊन चुगली केली.

सरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "तोच फोटो घेऊन बस. बरोबर उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

सर गेल्यावर रजत माझ्याकडे वळला. "काहून गेली वं सरांकडं? मले विचारायचं ना. मी पाहूनच बटण दाबून राहिलो. तो फोटो उलटा केला तरी उलटत नाही."

"कामचोर माणसाला सगळी कारणं सुचतात," मी म्हणाले.

"तू बस ना सोबत. एक डाव पाह्य."

"मला माझी कामं आहेत."

तो आत गेला. त्याच्या आणि माझ्या खोलीत फक्त प्लायवूडची भिंत होती. पलीकडून कूलरची घरघर यायची आणि त्याच्या माऊसचा आवाज.

क्लिक. क्लिक.

मग कूलर बंद पडला...

लाइट गेली नव्हती. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता.

क्लिक... क्लिक...

मग तेही थांबलं.

"भैरवी..." रजतची हाक आली. "थे आता माह्याकडं पाहून राहिलं."

नाटकं करतोय, असं वाटून मी उठले नाही.

"इकडं ये वं. मले उठता नाही येऊन राहिलं."

तो रडत होता. मला स्पष्ट ऐकू आलं. मी हेडफोन उचलले आणि कानांवर चढवले.

वीस मिनिटांनी आत गेले. बाहेर शेहेचाळीस डिग्री, कूलर बंद, आणि ती खोली... गार पडली होती.

रजत खुर्चीत शांत बसला होता.

"जमलं," तो म्हणाला.

माऊस त्याच्या डाव्या हातात होता. रजत उजव्या हाताने काम करायचा.

मग त्याचा भांग दिसला... दुसऱ्या बाजूला. लहानपणी पडून उजव्या भुवईवर झालेली खूण... डाव्या भुवईवर.

शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता.

मी स्क्रीनकडे न बघता बाहेर पळाले.

संध्याकाळी सरांनी तो फोटो स्वतः तपासला. आता तो नीट उलटत होता. सर खूश झाले. फेलोशिप रजतची वाढली.

चार दिवसांनी त्याच्या आई, पुष्पलताकाकू, माझ्या घरी आल्या. चप्पल न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"हा माहा पोरगा नाही वं. डाव्या हातानं जेवते. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणते याचं दिल उजवीकडं आहे, जन्मापासून असंल. मी पैदा केलं त्याले, मले मालूम नाही?" मग त्यांनी माझं मनगट धरलं. "तू तिथंच होती ना? त्यानं हाक मारली का तुले?"

मी सगळं सांगून टाकलं. चुगली, हाका, हेडफोन. काहीच लपवलं नाही.

त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त हात सोडला. "तूच बसवलं त्याले तिथं. तूच घेऊन ये."

तेव्हापासून दर रविवारी मी हिंगण्याला जाते. काकू दार उघडतात. मागे दिवाणावर तो बसलेला असतो, माझ्याकडे बघत. काकू मला आत घेत नाहीत, पाणी विचारत नाहीत.

"आणला?" एवढंच विचारतात.

"नाही काकू."

खरा रजत कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याला आणायचं तर त्या खोलीत बसून तो फोटो उघडावा लागेल. चारदा मी खुर्चीपर्यंत गेले आणि चारदा परत फिरले. माझी हिंमत होत नाही. मी भित्री आहे, हे इथे लिहून टाकते.

परवाच्या रविवारी काकूंनी पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला.

"मरून गेला असता तर रडली तरी असती मी. आता काय करू, सांग?"

त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.