दुसरी गिटार

आमच्या कारखान्यात गाण्यांच्या रेकॉर्डी दाबून निघतात. प्लास्टिकचे काळे दाणे वितळवायचे, मुठीएवढा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवायचा, वाफेवर दाबायचा, गार करायचा, कडा कापायच्या. माझं काम त्यानंतरचं. दर पंचविसांतली एक रेकॉर्ड ऐकण्याच्या खोलीत येते. हेडफोन लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि खरखर असेल तर वहीत वेळ लिहायची. चांगली असेल तर निळा शिक्का, नसेल तर लाल. लाल बसला की त्या पंचवीसही रेकॉर्डींचा भुगा होतो आणि त्याच भुग्यातून पुन्हा दाबतात. ऑर्डर पुरी झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही. लिहावाचायला मी पन्नाशीत शिकले, तेही या वहीपायी. कान मात्र आधीपासून पक्के होते.

त्या तीन पोरी आल्या तेव्हा दुपार होती. एक ड्रम वाजवणारी, एक जाड तारांची बेस गिटार वाजवणारी आणि तिसरी गिटारवाली. ती गायचीही. पहिलीच रेकॉर्ड होती त्यांची. तीनशे प्रती हव्या होत्या, महिनाअखेरच्या कार्यक्रमात विकायला.

"आजी, आमची गाणी तुम्ही ऐकणार?" गिटारवाली म्हणाली. "पॉप-पंक आहे हं. कान सांभाळा."

"या मशीनशेजारी जन्म गेला माझा. तू काय ओरडणार?"

तिघी खिदळल्या.

गाणी ओरडाओरडीचीच होती. दोन-दोन मिनिटांची, पाठीला कुत्रं लागल्यासारखी. पण पोरीचा आवाज वर जाताना कडेला जरा फाटायचा आणि नेमका तिथेच गोड लागायचा. पाच गाणी झाली. सहाव्यात, सगळ्याच्या मागे, फार लांब, मला दुसरी गिटार ऐकू आली. तिची तिसरी तार किंचित उतरलेली होती.

मी सुई उचलली. पुन्हा ठेवली.

माझ्या मुलाच्या गिटारची तिसरी तार अशीच उतरायची. खुंटी झिजली होती. "दोन मिनिटांत परत उतरणार, आई, कशाला जीव काढायचा?" म्हणायचा आणि तशीच वाजवायचा. सोळा वर्षांपूर्वी गिटार घेऊन तो बाहेर पडला. भांडण नाही, तंटा नाही. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होता.

मी पोरीला फोन केला. "दुसरी गिटार कोण वाजवतं गं?"

"दुसरी कुठली, आजी? एकच तर आहे, तीसुद्धा मावशीकडून मागून आणलेली."

पुढच्या पंचविशीत ती गिटार जवळ आली होती. त्याच्या पुढच्या पंचविशीत आणखी. मशीनवरच्या भोंग्याला मी बोलावलं. आवाज मोठा म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याने एक हेडफोन कानाला लावला आणि गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"कुणीतरी वाजवतंय खरं," तो म्हणाला. "पण आजी, साचा तोच आहे. साच्यातून सगळं सारखंच निघतं. हे पुढे कसं सरकतंय?"

"खरखर नाही ना?"

"नाही."

मी निळा शिक्का मारला.

अकरा पंचविशा गेल्या. बाराव्यात तारेवरून सरकणारी बोटंसुद्धा ऐकू आली. ही शेवटची पंचविशी. ती पास झाली की साचा मोडीत जाणार होता. आणि माझा मुलगा अजून भिंतीपलीकडे होता, शेजारच्या खोलीत असावा तसा.

मी वहीत लिहिलं, 'खरखर'. खरखर नव्हती. लाल शिक्का मारला.

भुगा झाला. पुन्हा दाबलं. तो भिंतीच्या अलीकडे आला. पण ड्रम गादीखाली ठेवल्यासारखा वाजत होता आणि पोरीचा आवाज विरलेल्या कापडासारखा झाला होता.

लाल.

आठवड्याने तिचा फोन आला. घसा बसला होता. "सराव जास्त झाला, आजी. रेकॉर्ड तेवढी चांगली निघू दे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं.

"अहो, किती वेळा भुगा करायचा?" भोंगा म्हणाला. "दाणेही कंटाळले असतील. जरा मला ऐकू द्या."

"नको," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

लाल. लाल.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, सकाळी, मी तीच पंचविशी पुन्हा लावली. ड्रम नव्हता. पोरगी नव्हती. फक्त गिटार होती, इतकी जवळ की मी मान वळवून पाहिलं.

मग गिटार थांबली. खुर्ची करकरली. त्याने श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

तेवढ्यात रेकॉर्ड संपली. सुई मधोमध जाऊन आपोआप उचलली गेली.

दारावर थाप पडली. तिघी आल्या होत्या. गिटारवालीच्या गळ्याला रुमाल होता. तिने ओठ हलवले. आवाज आला नाही, घोगरासुद्धा नाही.

"डॉक्टर म्हणतात, घशात काहीच नाही," ड्रमवाली म्हणाली. "परवा कार्यक्रम आहे, आजी. आज तरी पास झाली ना?"

दोन्ही शिक्के टेबलावर होते. पोरीचे डोळे माझ्या हाताकडे होते. आणखी एकदा, मी मनाशी म्हटलं. तो फक्त काय म्हणतो तेवढं ऐकायचं. मग निळा.

मी लाल शिक्का मारला.

ड्रमवाली मटकन खुर्चीत बसली. गिटारवाली मात्र हसली. तिने पुन्हा ओठ हलवले.

"ती म्हणते," ड्रमवाली तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आमच्यासाठी एवढे कष्ट आजवर कुणीच घेतले नाहीत."

गिटारवालीने पुढे होऊन डाव्या हाताने माझं मनगट धरलं. रोज तारा दाबणाऱ्याच्या त्या बोटांना घट्टे पडतात, ते रातोरात जात नाहीत. तिची बोटं तान्ह्या बाळासारखी मऊ होती.