खालचं कातडं

ताजुद्दीन मुकादमांच्या ड्रमसेटमध्ये मूळचं काय उरलंय असं कुणी विचारलं, की ते स्वतःच हसून सांगत, "बसायचं स्टूल." सत्तरच्या दशकात खांद्यापर्यंत केस वाढवून मुंबईच्या हॉटेलांत रॉक वाजवणारा हा माणूस. तो सेट त्यांनी एका बोटीवरच्या गोऱ्या वादकाकडून घेतला होता. पुढे हॉटेलांतलं काम सुटलं, केस गेले, ताजभाई पेणला घरी परत आले आणि सेट तुकड्यातुकड्याने बदलत गेला. बेस ड्रमच्या पेडलला स्कूटरची स्प्रिंग लागली. झांजेला तडा गेला तेव्हा तेवढा भाग त्यांनी करवतीनं कापून टाकला, आणि उरलेली झांज बशी फुटल्यासारखी वाजू लागली. त्यावरही ते खूश होते. म्हणायचे, "असा आवाज दुकानात मिळत नाय, हरेश."

मी हरेश. पेणमध्ये माझी साउंड सर्व्हिस आहे. जगनशेठच्या ऑर्केस्ट्राचे माइक लावायचे, मिक्सरवर बसायचं आणि हेडफोन कानाला लावून कोण कुठे बेसूर होतंय ते ऐकायचं, हे माझं काम. लहानपणी भिकबाळी ओढली जाऊन माझ्या उजव्या कानाची पाळी चिरली, ती हेडफोनखाली दुखते. बाकी त्या धंद्यात मला काही त्रास नव्हता. माझा विश्वास वायरवर. नको तो आवाज आला की वायर तपासायची, आवाज गेला तरी वायर तपासायची.

चौऱ्याण्णव सालच्या पावसाळ्यात ताजभाईंच्या फ्लोअर टॉमचं लाकूड उकललं. फ्लोअर टॉम म्हणजे वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला तीन पायांवर उभा असतो तो मोठा ड्रम. तो गेला आणि ताजभाईंचा अर्धा जोर गेला. त्याच सुमाराला ऑर्केस्ट्रातल्या निकेशनं ऑक्टोपॅड आणला. काखेत मावणारी पेटी, वर रबराचे चौकोन, काठी लावली की ढोल म्हणा, ताशा म्हणा, सगळं हजर. जगनशेठ गोड बोलणारा माणूस. तो म्हणाला, "ताजभाई, रोह्याचा कार्यक्रम होऊ द्या. मग बघू." त्या 'मग बघू'चा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला.

"तमीम दुबईला बोलावतोय," ताजभाई मला म्हणाले. तमीम त्यांचा मुलगा. "तिकडं जाऊन काय करू? एसीत बसून टीव्ही बघू? वाजवणं गेलं तर मी कोण रे, हरेश?"

मला फार वाईट वाटलं.

आठवड्याभरात ते खारेपाटातून एक ढोल घेऊन आले. पेणच्या खाडीकाठचा तो पट्टा, जिथे समुद्राचं पाणी बांधाबाहेर आणि भाताची शेतं बांधाआत असतात. एका बाईच्या घरी तो आढ्याला टांगलेला होता. धोंडुबाई तिचं नाव. घेऊन जा म्हणाली, दुसरं काही बोलली नाही. जुनं, काळपट खोड, दोन्ही तोंडांना जाड कातडं.

आमचा सराव गणपतीच्या कारखान्यात चाले. गणपती गेले की ती शेड रिकामी असते. कोपऱ्यात साचे, पोती आणि न विकलेल्या दोन-चार मूर्ती. भरदुपारी तिथे बसून ताजभाईंनी ढोलाला तीन पाय ठोकले, आणि मग खालच्या बाजूचं कातडं सुरीनं गोल कापून काढलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"आमच्या वेळचे रॉकवाले खालचं कातडं ठेवायचेच नाय. तोंड उघडं राहिलं की आवाज सुटतो." ते कातडं त्यांनी चहाच्या चुलीत टाकलं. बराच वेळ ते नुसतं सुकत राहिलं आणि मग एकदम पेटलं.

मी उघड्या तोंडात माइक सोडला, हेडफोन लावले. ताजभाईंनी पहिला ठोका मारला. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पोटात खालपर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. निकेशसुद्धा हातातला वडा धरून उभा राहिला. ताजभाईंचे डोळे भरून आले. मग ते वाजवतच सुटले. पण गंमत अशी की वाजवता वाजवता त्यांचा हात एकाच साध्या ठेक्यावर जाऊन बसे. एक मोठा, दोन लहान. एक मोठा, दोन लहान.

"हात आपोआप तिथंच जातो रे," ते म्हणाले.

दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मला हेडफोनमध्ये काहीतरी ऐकू आलं. लांबून, शेतापलीकडून कुणी ओ द्यावी तसं. "व्हय." मग दुसरा आवाज, "व्हय." मग बरेच. मी हेडफोन काढला. शेडमध्ये फक्त पंख्याची घरघर. मी वायर बदलली, अर्थिंग तपासलं. शेडमध्ये चिखलाचा वास येत होता, तो शाडूचा असणार असं मी धरून चाललो. पण शाडूच्या मातीला खारट वास येत नाही, हे पेणच्या माणसाला कुणी सांगायला नको.

नवरात्रात नागोठण्याला कार्यक्रम झाला. मंडपाच्या मागे, खुर्च्या संपतात तिथे, काही माणसं उभी होती. उघडी अंगं, डोक्याला फडकी, हातात घमेली आणि फावडी. मला वाटलं, हायवेच्या कामावरची असतील. सगळे टाळ्या वाजवत होते, ही माणसं मात्र नुसती बघत होती. त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता, आणि पाऊस तर केव्हाच गेला होता.

निडीच्या कार्यक्रमात ती पुन्हा दिसली. या वेळी खुर्च्यांच्या मधल्या वाटेत. शेजारी बसलेल्या बायका पदर नाकाला लावत होत्या, पण त्या माणसांकडे वळून कुणी बघत नव्हतं. मी निकेशला म्हटलं, "ती माणसं बघ." तो म्हणाला, "कुठली माणसं?"

मी ताजभाईंकडे पाहिलं. ते वाजवत होते आणि त्यांचे डोळे त्या वाटेवरच खिळले होते. त्यांनाही दिसत होतं. त्या रात्री मी टेम्पोत मागे एकटा बसलो नाही.

रोह्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं खारेपाटात गेलो. धोंडुबाई अंगणात सुकट निवडत होती. आम्हाला बघून तिला नवल वाटलं नाही.

"आली ना मानसं?" तिनं विचारलं.

ताजभाई ओट्यावर बसले. "कोण हायत ती, धोंडुबाय?"

"बांधाची. भरतीनं बांध फुटून खांड पडली का माजा घरवाला केरू ढोल वाजवाचा. एक मोटा, दोन लहान. तो ऐकला का जेवता हात सोरून जावा लागं. घमेली घेवाची नि पलाचं. सगला गाव 'व्हय' म्हनून निगं." ती हातातलं सूप हलवत राहिली. "एका सालची खांड लय मोटी व्हती. पानी सगल्यांना घेऊन गेला. केरूला पन."

"आणि ढोल?"

"ढोल राहला ना बांधावर. वरचा तोंड बोलवाचा. खालचा तोंड, काम जालं, घरी जा म्हनाचा. त्या दिवशी तो कोन वाजवनार? त्यांना घरी जा म्हनून कोनी सांगितलाच नाय."

मी विचारलं, "मग तुम्ही का नाही वाजवलात? ढोल तर तुमच्याच घरी होता."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बाला, घरी म्हंजे कुनाचे घरी? माजेच ना."

मग ती एकदम हसली, नवऱ्याची आठवण काढताना बायका हसतात तशी. "केरूला भोक दिसला का चैन नाय पराची. भितीला उंदराचा बील दिसला तरी हातानं चिखल कालवून बुजवाचा. मी म्हनाची, अवो, घर हाय का बांध?" आणि मग ताजभाईंना म्हणाली, "तुमी आता खालचाच तोंड वाजवा, ताजूभाय. मी म्हातारी जाली. येऊदे घरी. आता नाय मी भियाची."

ताजभाईंनी मान खाली घातली. चुलीत गेलेल्या कातड्याबद्दल तिला सांगायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

परत येताना ते म्हणाले, "उद्या त्याला हात लावणार नाय. आमनाची शपथ." बायकोची, आमनाभाभींची, शपथ त्यांनी कधी मोडल्याचं मला आठवत नव्हतं.

रोह्याचा कार्यक्रम संध्याकाळी उजेडातच सुरू झाला. कंपनीच्या कॉलनीचं मैदान, दिवाळीआधीचा रविवार, शिफ्ट सुटलेली माणसं बायकापोरांना घेऊन आलेली. ढोल सेटमध्ये होता, कारण तो काढला तर सेट बोडका दिसतो, असं जगनशेठचं म्हणणं. त्यातला माइकही मी लावलेला होता. फक्त मिक्सरवर बंद ठेवला होता. ताजभाई ढोल सोडून बाकी सगळं वाजवत होते आणि त्यात जीव नव्हता. मागच्या रांगेतली माणसं उठून भेळ खायला गेली. तेवढ्यात निकेश विंगेत ऑक्टोपॅड स्टँडवर चढवताना मला दिसला. ताजभाईंनाही दिसला.

मध्यंतरापूर्वीच्या शेवटच्या गाण्यात त्यांचा उजवा हात वर गेला. मी मनात म्हटलं, नका. आणि माझ्याच बोटानं तो माइक चालू केला.

मैदान हादरलं. भेळवाल्याकडची माणसं धावत परत आली, पोरं खुर्च्यांवर चढली. एक मोठा, दोन लहान. ताजभाई वीस वर्षांनी लहान दिसत होते. मी घाबरून मैदानाच्या कडा बघितल्या, मधली वाट बघितली. कुठेच कुणी नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मीही टाळ्या वाजवल्या.

पडदा पडला. जगनशेठ पडद्यासमोर येऊन पाहुण्यांचे आभार मानू लागला. ताजभाई मध्यंतरात उठत नसत. स्टुलावरच बसून सिगारेट ओढत. मी ढोलाचा माइक स्पीकरवरून काढला, पण हेडफोनमध्ये तो चालू राहिला.

काडी ओढल्याचा आवाज आला. मग ओले पाय. प्लायवूडवर, एकामागून एक.

"कोण?" ताजभाई म्हणाले.

"खांड कुटं परली?"

"नाय पडली. कुठंच नाय पडली. जावा तुम्ही. घरी जावा."

पाय परत फिरल्याचा आवाज आला नाही. मग माइकच्या अगदी जवळ श्वास ऐकू आला. कुणीतरी वाकून ढोलाच्या उघड्या तोंडात बघत होतं.

"ही काय."

थप.

ओल्या चिखलाचा गोळा हातानं दाबल्याचा आवाज. थप. थप. आता बरेच हात. प्रत्येक गोळ्याबरोबर हेडफोनमधला आवाज बारीक होत गेला, दारं एकेक करून लावावीत तसा.

"हरेश," ताजभाईंचा आवाज, खूप खालून. "हरेश, आता हे माझ्या..."

थप.

मग काहीच नाही. मला माझ्याच कानाशी काहीतरी गार लागल्यासारखं वाटलं. मी हेडफोन ओरबाडून फेकले आणि पडद्याकडे पळालो.

मागे कुणी नव्हतं. फळ्या कोरड्या होत्या. ढोल खालच्या तोंडापर्यंत चिखलानं भरला होता, खालून हात फिरवून सपाट केलेला. बेस ड्रमचं पुढचं भोकही बुजवलेलं. ताजभाई स्टुलावर ताठ बसले होते, बोटांत जळती सिगारेट. मी हाक मारली, खांदा हलवला. मग मला त्यांचे कान दिसले.

रोह्याच्या डॉक्टरांनी कोमट पाण्यानं तो चिखल काढला. काळा, खाडीचा, त्यात एक बारीक शिंपला निघाला. पडदे शाबूत आहेत, ऐकू यायला काही हरकत नाही, असं ते म्हणाले. ताजभाई आमच्या ओठांकडे बघत होते. "तू बोलतोयस का, हरेश?" त्यांनी विचारलं. उत्तरार्ध निकेशनं ऑक्टोपॅडवर वाजवला. लोक नाचले म्हणे.

डिसेंबरात तमीम येऊन दोघांना दुबईला घेऊन गेला. निघताना आमनाभाभी फार रडल्या. ताजभाई टॅक्सीत बसून बोटांनी गुडघ्यावर ठेका धरत होते. मी नजर दुसरीकडे वळवली, तो कुठला ठेका आहे ते मला बघायचं नव्हतं.

रोह्याहून मी सगळं सामान न बघताच पेटीत भरून, कुलूप लावून आणलं होतं. ती पेटी उघडायचं धाडस मला जानेवारीत झालं. वर हेडफोन होते. कानावर बसतात त्या दोन्ही वाट्या चिखलानं भरलेल्या, आणि इतक्या दिवसांनीही तो ओला होता. त्यात कान दाबल्याचे ठसे होते. उजव्या ठशातली पाळी चिरलेली होती.