माहिती अपुरी, सर्व कुशल

वृषाली टिपणीसने चहात घालायला आलं किसायला घेतलं, पण किसणी धरायला दुसरा हात नव्हता. किसणी घसरली, आलं सिंकमध्ये गेलं, आणि नेमका तेव्हाच फ्रिजच्या दारावरचा संगणकी पडदा बोलायला लागला.

"भूशास्त्र विभाग, माजी विद्यार्थी मंडळ. 'थर'चा वार्षिक अंक आला आहे. आधी आपली बातमी ऐकाल?"

"ऐकव बाबा," ती म्हणाली.

"१९९६च्या तुकडीच्या वृषाली टिपणीस साताऱ्यात मजेत असून निवृत्तीनंतरच्या निवांत दिवसांचा मनमुराद आनंद घेत आहेत. या बातमीवर एक्केचाळीस जणांनी आपले अभिनंदन केले आहे. सर्वांना आपल्या वतीने उत्तरे दिली आहेत."

वृषालीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. नऊ दिवसांपूर्वी न्हाणीघरात पाय सटकला होता आणि टपकणारा नळ ऐकत ती तब्बल पाऊण तास फरशीवर पडून राहिली होती. दहाला भांड्यांना येणाऱ्या शेवंताने पाहिलं म्हणून निभावलं. लग्न केलेलं नाही, भाऊ नाही, बहीण नाही. या नऊ दिवसांत शेवंता आणि हाडांचे डॉक्टर सोडले तर ती कुणाशी चार वाक्यंही बोलली नव्हती. मनमुराद आनंद म्हणे!

हा बोलणारा प्राणी म्हणजे चिटणीस. मंडळाने सात वर्षांपूर्वी आणलेली प्रणाली. प्रत्येक सभासदाचं मनगटी घड्याळ, त्याचे प्रवास, बढत्या, त्याने काढलेले फोटो यांतून ती बातमी जुळवायची आणि ज्याची त्याच्या शैलीत लिहायची. कुणी अभिनंदन केलं तर आभारही तीच मानायची. पुढेपुढे अभिनंदन करणाऱ्यांनीही ते काम चिटणिसावर सोपवलं. एक्केचाळीस अभिनंदनं, एक्केचाळीस आभार, आणि मध्ये माणूस औषधालाही नाही.

त्याआधी एकोणीस वर्षं 'थर' वृषालीच काढायची. जमिनीचे थर वाचणारी ही मंडळी पांगायचीही तशीच, कुणी कोळशाच्या खाणीत, कुणी समुद्रातल्या तेलविहिरीवर, कुणी मंगोलियात. दोनशे दहा जणांची खुशाली ती फोन करकरून गोळा करायची. वर्गणीचा तगादा कुणाला नव्हता, पण बातमीबरोबर आपल्या कामाच्या जागेवरचा एक दगड पाठवायचा असा रिवाज होता. गोरख निमसेचा दगड सगळ्यांत आधी यायचा. गोरख तिच्याच तुकडीचा, राहुरीचा, भूजलातला माणूस. त्याची शेवटची गारगोटी अजून तिच्या टेबलावर कागद दाबून बसली होती. चिटणीस आल्यापासून दगड कुणी पाठवत नव्हतं. चिटणीस बातमी लिहू शकतो, दगड कुठून आणणार?

खरं तर ती स्वतःच कंटाळली होती. सभेत "टिपणीस मॅडमना किती दिवस राबवायचं?" असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा हात वर करणाऱ्यांत तीही होती. नऊ पानी संमतीपत्रावर तिने न वाचता सही ठोकली होती.

"चिटणीस," आता ती बिनआल्याचा चहा ओट्यावर ठेवून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी मजेत आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"आपल्या घड्याळाची नोंद नऊ दिवस आलेली नाही."

घड्याळ त्याच हातात होतं. फरशीवर आपटून त्याचा चुरा झाला होता.

"नोंद नाही, तर मजेत कशी?"

"माहिती अपुरी असल्यास 'सर्व कुशल' असे लिहिण्याचा 'थर'चा प्रघात आहे. तेच शब्द वारंवार येतात अशी तक्रार आल्याने समितीच्या सूचनेनुसार आता वेगवेगळ्या शब्दांत लिहितो."

"कुणी पाडला हा प्रघात?"

"संपादक वृषाली टिपणीस. सलग एकोणीस अंकांत."



खोटं नव्हतं ते. अंक छापायला जायची वेळ यायची आणि काहीजण फोनच उचलायचे नाहीत. नावापुढे कोरी जागा सोडणं तिला बरं वाटत नसे. लोक त्या जागेत नको नको ते वाचतात. म्हणून ती 'सर्व कुशल' लिहायची. पण ते दोन शब्द म्हणजे तिची स्वतःची खूण होती. अंक छापखान्यात गेला की ज्यांच्यापुढे 'सर्व कुशल' आहे, त्या प्रत्येकाला ती पुन्हा फोन लावायची. उचलला नाही तर भावाला, शेजाऱ्याला, कचेरीतल्या शिपायालाही. एकाची नोकरी सुटलेली निघाली होती, एक जण दवाखान्यात सापडला होता, एकीने तर फोनवर अर्धा तास नुसतं रडून घेतलं होतं. त्यातलं काहीच तिने छापलं नाही. छापण्याजोगं नव्हतंच ते.

चिटणिसाने एकोणीसच्या एकोणीस अंक वाचले होते. पण फोन कुठल्याच अंकात छापलेले नव्हते.

"या अंकात अशा अपुऱ्या माहितीच्या बातम्या किती?" तिने विचारलं.

"त्रेसष्ट."

"नावं वाच."

चिटणीस वाचत गेला. सातवं नाव गोरख निमसे. 'आपल्या आवडत्या कामात रमले आहेत.' गेल्या वर्षीही तो रमलेलाच होता, त्याच्या आदल्या वर्षीही. आणि वृषालीने ते दोन्ही वेळा वाचून, बरं झालं, म्हणून पान उलटलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने गोरखचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला उत्तर आलं.

"बोला टिपणीसबाई! आज कशी काय आठवण झाली गरिबाची?"

तोच खर्जातला आवाज, तीच थट्टा. तिच्या जिवात जीव आला. "गोरख, अरे कसा आहेस?"

"मस्त! कामात रमलोय. तुम्ही पण मजेत ना?"

एवढ्यानेच तिला कळलं. गोरखने तीस-चाळीस वर्षांत तिला एकदाही तुम्ही म्हटलं नव्हतं. त्याच्या आवाजात चिटणीसच बोलत होता; त्या नऊ पानी संमतीपत्रात फोनचीही मुभा असणार. तिने फोन ठेवला.

मग तिने कपाटातून जुनी डायरी काढली, दातांत धरून तिचं रबर सोडवलं. निमसेच्या पानावर दुसरा नंबर होता, त्याच्या बायकोचा, सुलभाचा. सुलभा काही भूशास्त्राची विद्यार्थिनी नव्हती. तिच्या फोनवर चिटणिसाची सत्ता चालत नव्हती.

घंटा वाजत राहिली. दहा, बारा, पंधरा. वृषाली ठेवणार, तेवढ्यात कुणीतरी उचलला आणि नुसतंच थांबलं. श्वास ऐकू येत होता.

"सुलभा? मी वृषाली टिपणीस, साताऱ्याहून."

"टिपणीस?" बऱ्याच दिवसांत न वापरलेला, खरखरीत आवाज. मागे कुठेतरी मोटर चालू होती. "तुला कुनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"सुलभा गेली त्याचं."

हा खरा गोरख होता. "कधी रे?"

"दोन वरसं झाली दिवाळीला. मी घड्याळ काढून फेकलं, माझा फोन बंद करून टाकला. तरी फोनवर माझ्याशी बोलल्याचं लोक सांगतात, आता कोन बोलतंय त्याच्यावर देव जाणे. हिचा तेवढा चार्ज करून ठेवतो. कुनी हिच्यासाठी फोन करील, वाटतं. करीत नाही कुनी. त्याच महिन्यात अंक आला होता. मी कामात रमलोय, असं छापलं होतं त्यात. अडतीस जणांनी अभिनंदन केलं, टिपणीस. अडतीस. मग म्हटलं, आता कुनाला काय सांगायचं?"

"मला सांगायचंस," ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "नाही, मीच विचारायला हवं होतं."

मोटर बंद झाल्याचा आवाज आला. तो कुठेतरी टेकून बसला असावा. मग तो सुलभाबद्दल बोलत राहिला, आजारपण, शेवटचे आठ दिवस, तिने लावलेलं लिंबाचं झाड. वृषाली मधूनमधून हं म्हणत होती. ओट्यावरचा चहा केव्हाच गार झाला होता. पडद्यावर चिटणिसाने काढून ठेवलेली उरलेली नावं तशीच होती.

"माझंच लावलं मी," गोरख अखेर म्हणाला. "तुझं काय? पोस्टानं आलेल्या अंकात तर मजेत दिसतीस."

वृषालीने प्लास्टरकडे पाहिलं. दोनशे दहा माणसांना तिने वर्षानुवर्षं हा प्रश्न विचारला होता. उलट कुणी विचारल्याचं तिला आठवेना.

"गोरख," ती म्हणाली, "अंकातलं सांगू, की खरं सांगू?"