गाव सोडलेल्याचं नाव

टॅक्सी यायला अजून पाऊण तास होता. पबच्या शेकोटीपाशी विल्फ एगर आणि क्विझमध्ये हरलेली तीन पोरं, एवढेच उरले होते. त्यातली रोझी म्हणाली, "विल्फ, वरच्या रस्त्यानं चालतच जातो की आम्ही. वीस मिनिटांचं तर आहे."

"जा की. पण खालच्या रस्त्यानं जा."

"का? वर काय आहे?"

"काही नाही. मेंढ्यांचं कुरण आहे." विल्फनं ग्लास जरा बाजूला सरकवला. चाळीस वर्षं या भागात बस चालवलेला माणूस, उगाच काही बोलायचा नाही. "डेनिस ग्राइसचं कुरण. डेनिस माझा दोस्त. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही."

मग त्यानं सांगितलं ते असं.

दोन हजार सोळा साल, नोव्हेंबरची अठरा तारीख, शुक्रवार. हिलरी स्केलथॉर्प नावाची बाई डेनिसच्या दारात आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. बावन्न वर्षांची, एकटी. काखेत पुठ्ठ्याचा डबा. डब्यात तिच्या वडिलांची राख.

हा तिचा बाप, क्लिफर्ड स्केलथॉर्प, आयुष्यात एका घरात तीन वर्षं टिकला नाही. सामान लावून होत नाही तोवर खिडकीशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "इथं बरं वाटत नाही." हिलरीनं लहानपणी नऊ घरं बदलली. मोठेपणी तिचंही तेच झालं. नवरा खोकी बांधून बांधून कंटाळला आणि एक दिवस स्वतःचंच खोकं उचलून गेला. शेवटच्या आजारात म्हातारा म्हणाला, "आपलं नाव कुठल्यातरी गावाचं असणार. तिथं नेऊन टाक मला. तिथं तरी झोप लागेल."

नकाशावर तसलं गाव नव्हतं. जुनी दप्तरं चाळता चाळता तिची दोन वर्षं गेली, तेव्हा कुठे पत्ता लागला. स्केलथॉर्प, बारा घरांची वाडी. सहाशे वर्षांपूर्वी जमीनदारानं मेंढ्या चारायला ती उठवली. आता तिथं नुसते गवताचे उंचवटे.

डेनिसनं तिला चहा दिला. म्हणाला, "सकाळी जा, पोरी. अंधारात त्या कुरणात मेंढ्यासुद्धा थांबत नाहीत."

"सकाळी मला ड्यूटी आहे. आणि आपल्याच गावात जायला भीती कसली?"

"आपलं गाव?" डेनिस हसला. "असं बघ. गावात सगळेच स्केलथॉर्पचे. तिथं कोण कुणाला स्केलथॉर्प म्हणेल? तिथं असतो लोहार, नाहीतर अमक्याचा पोरगा. गाव सोडून दुसरीकडं गेलं, की तिथले लोक विचारतात, हा कुठला? मग ते नाव चिकटतं. तुमचं आडनाव म्हणजे गाव टाकून गेलेल्याचं नाव."

तिला ते लागलं. कप खाली ठेवून ती म्हणाली, "मग परत घेऊन आले, असं समजा."

तिनं गाडी कुरणाच्या फाटकाशी लावली. घड्याळात सहाला दहा कमी होते. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं आणि बुटांखाली करकरत होतं. टॉर्चच्या उजेडात उंचवटे दिसू लागले. मधली ती खोलगट पट्टी म्हणजे गावातला रस्ता असणार, असं तिला वाटलं. ती त्या पट्टीतून चालू लागली.

खट्.

दाराची कडी लावल्याचा आवाज. डावीकडून.

ती थांबली. टॉर्च फिरवला. गवत.

खट्. आता उजवीकडून, जरा जवळ.

घरं बंद होत होती. एकामागून एक. तिच्याही नकळत ती मोजत होती... नऊ... दहा... अकरा.

मग शांतता. बारावं दार वाजेना.

"कुठली गं तू?"

बाईचा आवाज. म्हातारीचा. मागून, अगदी खांद्यापाशी. रागाचा नव्हता. वाटेवरच्या परक्या बाईला विचारावं, तसा.

नाव जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर... तिला डेनिसचं बोलणं आठवलं, ते गाव टाकून गेलेल्याचं नाव.

"हलची," ती म्हणाली. "हल शहरातली."



"आणि तो?"

हिलरीनं डबा छातीशी धरला. बापाच्या बाबतीत खोटं बोलणं तिला जमेना.

"तो... इथला."

ती वाकली. डबा गवतावर ठेवला. मागं वळून पाहिलं नाही.

खट्.

ती पळत सुटली. गाडी घेऊन थेट डेनिसच्या अंगणात आली. त्याच्या स्वयंपाकघरात पाऊण तास बसली, थोडी रडली, थोडी हसली. घडलं ते सगळं सांगितलं आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "घेतलं त्यांनी त्याला. घरात घेतलं." मग डोळे पुसून निघून गेली.

विल्फ थांबला. शेकोटीत लाकूड सरकलं. रोझीनं हळूच विचारलं, "म्हणजे सगळं नीट झालं ना?"

"डेनिस सकाळी कुरणात गेला," विल्फ म्हणाला. "डबा होता तिथंच होता. झाकण बंद. त्यानं उघडला नाही. दव तसंच गोठलेलं होतं. त्यात तिच्या बुटांचे ठसे... जाताना आखूड, येताना लांब लांब. पळाली होती ना."

त्यानं ग्लास उचलून संपवला.

"येतानाच्या ठशांशेजारी आणखी एक रांग होती. पुरुषाच्या पायांची. अनवाणी. पळत नव्हता तो. डब्यापासून निघाला होता, फाटकापर्यंत आला होता. गाडीची चाकं उमटली होती तिथं, डाव्या दारापाशी... ड्रायव्हरच्या शेजारी माणूस बसतो त्या बाजूला... तिथं ती रांग संपली होती."

रोझीनं खुर्ची शेकोटीजवळ ओढली.

"डेनिसनं बुटानं ते ठसे पुसून टाकले. तिला कळवलं नाही. मला एवढंच म्हणाला, 'विल्फ, कुरणातून परत येऊन ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती तेव्हा गाडी पाऊण तास माझ्या अंगणात उभी होती.'"