गुडघा बरा, तरी गोळी का?

सन २०५८. साताऱ्याच्या कबड्डी संघातल्या शाल्मलीच्या गुडघ्यात डॉक्टरांनी नवी कूर्चा वाढवली, त्याला तीन महिने झाले होते. गुडघा ठणठणीत होता. तरी एका दुपारी तिने धाकट्या बहिणीला, रेवतीला हळूच म्हटलं, "आबांच्या कपाटातली माझी एक वेदनेची गोळी आण. त्यांना सांगू नकोस."

रेवतीने कपाट उघडलं, पण हात पुढे जाईना. दुखत नाही, तर गोळी कशाला? ती तडक आबांच्या प्रयोगशाळेत गेली. आबा, म्हणजे तिचे आजोबा, मेंदूचे शास्त्रज्ञ होते. तिने सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी ताईलाही बोलावून घेतलं.

"चहाडखोर कुठली!" ताई कडाडली. रेवतीचे डोळे भरून आले.

आबांनी दोघींना जवळ बसवलं आणि ताईच्या डोक्यावर मेंदूदर्शक (मेंदूतली रसायनं प्रकाशाने दाखवणारी टोपी) चढवला. भिंतीवर निळे ठिपके उमटले, अगदी विरळ.

"हे सेरोटोनिन (मनाचा तोल, झोप आणि संयम सांभाळायला मदत करणारं रसायन). तुझ्या गोळ्या होत्या ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं). त्या वेदना दाबतात, पण सुखाची भरतीही आणतात. मेंदू तिला सरावतो. गोळी थांबली की सेरोटोनिनचं कामही विस्कटतं. मग उदास वाटतं, माणसं नकोशी होतात, आणि मनाला आवरणं जड जातं."

"म्हणजे ताई हट्टी नाही?" रेवतीने विचारलं.

"छे! आजारी आहे. आजारावर उपचार असतात."

"मग सेरोटोनिन वाढवा की!"

"ते एकटं कुठे खेळतं? मेंदूत रसायनांचा अख्खा संघ असतो. आधी डॉक्टर ओढ कमी करणारं औषध देतील, समुपदेशक बोलतील. उदासी हटली नाही, तर सेरोटोनिनवरचं औषधही देतील. मेंदू सावरतो, पण त्याच्या चालीने."

ताईने डोक्यावरची टोपी उतरवली. मग म्हणाली, "उद्याच उपचारकेंद्रात जाऊ या, आबा."

पहिले दोन आठवडे उपचारकेंद्रातून ती रेवतीशी बोललीच नाही. पाचव्या आठवड्यात मात्र फोन आला. "रेवा, आज आम्ही अंगणात लंगडी खेळलो. मी सपशेल हरले. किती दिवसांनी हसले गं!"

रेवतीने धावत प्रयोगशाळेत जाऊन आबांना सांगितलं. मग दम घेत विचारलं, "सेरोटोनिनचं सगळं कोडं सुटलंय का हो?"

"अजून पुष्कळ बाकी आहे."

"मग मी सोडवीन."

आबांनी आपली सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली.